अस्वल हा शब्द आला कुठून?

आज एकाच शब्दावर बोलायचं आहे, आणि तो तुमच्या घरातलं शेंडेफळसुद्धा ओळखतं. शब्द आहे 'अस्वल'. पण जरा आठवून बघा, घरात हा शब्द तुम्ही शेवटचा कधी उच्चारलात? इथे न्यू जर्सीच्या वायव्य भागात काळी अस्वलं कचऱ्याचे डबे उलथून जातात, शेजारी फोन करून सांगतात, आणि आपण मराठी घरातसुद्धा "काल रात्री बेअर आला होता" असंच म्हणतो. गंमत अशी की 'बेअर' हे मुळात अस्वलाचं नावच नाही, ते टोपणनाव आहे. आणि ज्याला आपण घरगुती, जरा गावरान शब्द समजतो त्या 'अस्वल'च्या पोटात या प्राण्याचं खरंखुरं, काही हजार वर्षांचं नाव अजून बसून आहे.

आधी आपल्या शब्दाचीच उकल करू. अमरकोशात अस्वलाला तीन नावं दिली आहेत: ऋक्ष, अच्छभल्ल आणि भल्लूक. पहिल्यावरून हिंदीतला 'रीछ' आला, तिसऱ्याच्या घराण्यातून 'भालू' आला. आपला 'अस्वल' आला मधल्या अच्छभल्लवरून. ऐकायला हे ओढूनताणून केल्यासारखं वाटतं, पण मराठीचा एक नेम लक्षात घेतला की सगळं सरळ होतं. संस्कृतातला 'क्ष' प्राकृतात पुष्कळदा 'च्छ' झाला आणि त्या 'च्छ'चा मराठीत 'स' किंवा 'श' झाला. इक्षु, उच्छु, ऊस. मक्षिका, मच्छिआ, माशी. सुतार लाकूड 'तासतो', ते तक्ष्, तच्छ, तास. हिंदीने याच शब्दांत बऱ्याचदा 'ख'ची वाट धरली, म्हणून तिकडे ईख आणि मक्खी, आणि आपल्याकडे ऊस आणि माशी. आता ऋक्ष घ्या. पालीत आणि प्राकृतात त्याचं 'अच्छ' झालं, आणि अच्छचं मराठीत 'अस्'. पुढचा 'भल्ल' बोलता बोलता झिजून 'वल' झाला. अच्छभल्ल, अस्वल.

प्राकृतात 'रिच्छ' असंही एक रूप होतं, आणि त्याच नेमाने मराठीत 'रीस' झालं. रामकथेच्या जुन्या मराठी ओव्यांत वानरांच्या जोडीला हे रीस भेटतात. आज हा शब्द कुणी वापरत नाही. आजीच्या पोथीत तो आला तर मुलं समजतात की कुणीतरी कुणाची रीस, म्हणजे बरोबरी करतंय.

तर 'अच्छ' म्हणजे अस्वल आणि 'भल्ल' म्हणजेही अस्वल. म्हणजे आपण प्रत्येक वेळी 'अस्वल-अस्वल' म्हणत असतो. यात नवल नाही. पावरोटीतला 'पाव' पोर्तुगीज भाषेत रोटीच असतो, आणि इथल्या कॉफीच्या दुकानात 'चाय टी' मागताना आपण 'चहा चहा' मागतो. एक शब्द जुना होऊन धूसर झाला की लोक त्याला नवा, ठळक शब्द चिकटवतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो: जुना कोड काढायची हिंमत नसते, म्हणून त्याच्यावर नवा थर चढवतो. वीस वर्षांनी कुणीतरी उघडून बघतो, तर आत मूळ कोड अजून चालूच असतो.

भल्लविषयी एक मोह टाळायला हवा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'भद्र' या शब्दाचं प्राकृत रूपही 'भल्ल' आहे, त्यावरूनच आपला 'भला' आला. मग अस्वलाला 'भला' म्हणून लोक त्याची मर्जी राखत होते का? हा तर्क मांडला गेला आहे. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर मी पैज लावणार नाही. पण तर्क वेडगळ मुळीच नाही, कारण जगात अस्वलाच्या बाबतीत नेमकं हेच घडलेलं आहे.

आपल्या घरातल्या बोलण्याकडे बघा. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळ वाढवतो, दुकानही वाढवतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. खेड्यात रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' निघालं किंवा 'लांबडं' दिसलं म्हणतात. देवी आल्या म्हणजे काय यायचं ते आपल्या आजीच्या पिढीला नीट माहीत होतं. नाव घेतलं की ती वस्तू ऐकते आणि येते, ही भीती यामागे आहे.

उत्तर युरोपातल्या शिकारी लोकांना हीच भीती अस्वलाची होती. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ साली ही गोष्ट नीट मांडली. या लोकांच्या पूर्वजांकडे अस्वलासाठी एक जुनं नाव होतं. पुढे जर्मन, इंग्रज आणि स्वीडिश लोकांच्या पूर्वजांनी ते टाकून दिलं आणि त्याला 'तपकिरी' म्हणू लागले. 'बेअर'चा अर्थ बहुतेक अभ्यासक असाच लावतात. 'ब्राऊन' आणि 'बीव्हर' त्याचे भाऊबंद, आणि संस्कृतातला 'बभ्रु'ही त्याच कुळातला. या हिशेबाने आपल्या अंगणात येणारा 'ब्लॅक बेअर' म्हणजे 'काळा तपकिरी'! तुमच्या ऑफिसातल्या ब्योर्न नावाच्या सहकाऱ्याला सांगा, त्याचं नाव म्हणजेच अस्वल, तेही टोपणनावाने.

रशियन लोकांनी दुसरी युक्ती केली. त्यांनी अस्वलाला 'मेद्वेद' म्हटलं, म्हणजे मध खाणारा. हा शब्द आपल्याला जवळजवळ तसाच वाचता येतो: मधु आणि अद्, अद् म्हणजे खाणे. 'मध्वद' हा शब्द ऋग्वेदातही आहे, फक्त तिथे तो पक्ष्यांसाठी आला आहे. रशियाच्या माजी राष्ट्राध्यक्षांचं मेद्वेदेव हे आडनाव यावरूनच. फिनलंडची भाषा तर या कुळातलीही नाही, तरी तिथे अस्वलाला 'मधाचा पंजा' असं लाडाचं नाव आहे, आणि त्यांचा नेहमीचा 'कारहू' हा शब्दही त्याच्या खरखरीत केसांवरून आला आहे. इतकी नावं, आणि एकही खरं नाही.

मग खरं नाव कुठे उरलं? ज्यांनी ते टाकलं नाही त्यांच्याकडे. ग्रीकांकडे 'आर्क्टोस', रोमनांकडे 'उर्सुस', वेल्समध्ये 'आर्थ', इराणात 'खिर्स', आर्मेनियात 'आर्ज', आणि आपल्याकडे 'ऋक्ष'. उर्सुला या नावाचा अर्थ छोटी अस्वलीण. आर्क्टिक म्हणजे अस्वलाच्या ताऱ्यांकडचा प्रदेश, आणि अंटार्क्टिक म्हणजे त्याच्या समोरचा.

इथे जरा थांबा. कारण पुढचं वाक्य तुमच्या फोनवर कुणीतरी पाठवलेलं असेल: "आर्क्टिक हा शब्द संस्कृत ऋक्षवरून आला, म्हणजे बघा, जगातल्या सगळ्या भाषा आपल्याच." असे निरोप मलाही येतात, आणि पाठवणारी मंडळी चांगली शिकलेली असतात. पण हे खरं नाही, आणि आपल्या मुलांना हे असं सांगू नये असं मला ठामपणे वाटतं. मुलं इथे शाळा-कॉलेजात जाऊन हे तपासतात. एकदा का त्यांना कळलं की आईबाबांनी सांगितलेली ही गोष्ट पोकळ होती, की बाकीच्या खऱ्या गोष्टीही ती त्याच टोपलीत टाकतात. त्यात आर्यभटही जातो आणि पाणिनीही.

आणि खरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. आर्क्टोस आणि ऋक्ष या मायलेकी नाहीत, बहिणी आहेत. हे कसं कळतं? एक तर दोघींतला फरक ठरलेल्या नेमाने चालतो. जिथे संस्कृतात 'क्ष' तिथे ग्रीकमध्ये 'क्ट'. सुताराला संस्कृतात तक्षन्, ग्रीकमध्ये टेक्टोन, आणि 'आर्किटेक्ट'मधला शेवटचा भाग तोच. म्हणजे आपण लाकूड तासतो आणि आर्किटेक्ट घराचा आराखडा काढतो, ते एकाच धातूने. पण मग दोघींत मूळ कोण? तिसरी बहीण सापडेपर्यंत हा प्रश्न अडून होता. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय इथे मातीच्या पाट्या निघाल्या, त्यांवरची हित्ती भाषा चेक विद्वान बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ साली उलगडली. हित्तीत अस्वलासाठी जो शब्द आहे तो साधारण 'हर्तग्ग' असा वाचतात. त्यात आधी 'ह', मग 'त', मग 'ग'. म्हणजे आईच्या शब्दात सुरुवातीला एक घशातला आवाज होता, तो संस्कृतानेही गमावला आणि ग्रीकनेही. शिवाय तिच्याकडे 'त' आधी आणि 'क' नंतर होता. ग्रीकने त्यांची अदलाबदल केली, संस्कृताने त्यांचा 'क्ष' करून टाकला. थोरलेपणाचा मान घ्यायचाच तर या एका शब्दात तो मातीच्या पाटीला द्यावा लागतो.

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या अस्वलाकडे येऊ. जांबवान म्हणजे ऋक्षराज. किष्किंधाकांडात सगळे समुद्रकिनारी हताश बसलेले असताना हनुमानाला त्याच्या ताकदीची आठवण करून देणारा हाच म्हातारा. कर्नाटकात हंपीजवळ, जिथे परंपरेने किष्किंधा दाखवतात, तिथून थोड्याच अंतरावर १९९४ साली दरोजी अभयारण्य झालं, तेही खास अस्वलांसाठी. ही जुळणी कुणी ठरवून केलेली नाही. खडकाळ टेकड्या, कपारी आणि वारुळं असली की तिथे अस्वलं असतात, आणि कथा रचणाऱ्यांनीही तीच टेकडी बघितली असणार, एवढंच.

जांबवान आपल्या घरी दरवर्षी येतो, आपल्या लक्षात येत नाही. गणेशचतुर्थीला चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो, आणि उतारा म्हणून स्यमंतक मण्याची गोष्ट ऐकायची. प्रसेनाला सिंहाने मारलं, सिंहाला जांबवानाने मारलं, आणि मणी गुहेत लेकराच्या पाळण्यावर खेळणं म्हणून टांगला. आळ आला कृष्णावर. तो माग काढत गुहेत शिरला, भागवतात त्यांचं युद्ध अठ्ठावीस दिवस चालतं, शेवटी अस्वलाने ओळखलं की समोर कोण आहे, आणि मण्याबरोबर मुलगीही दिली, जांबवती. मला या गोष्टीतला पाळणा फार आवडतो. साऱ्या द्वारकेला वेड लावणारं रत्न, आणि अस्वलाच्या घरी त्याचा उपयोग काय, तर बाळाचा खुळखुळा.

गोष्टीतलं अस्वल शहाणं, पण प्रत्यक्षातल्या अस्वलाची नावाच्या बाबतीत पुढेही फरफटच झाली. आपल्याकडचं ते लांब विस्कटलेल्या काळ्या केसांचं, छातीवर पांढुरका पट्टा असलेलं अस्वल १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाच्या अभ्यासात आलं. त्याची लांब नखं आणि वरचे पुढचे दोन नसलेले दात बघून साहेबाने ठरवलं की हा स्लॉथ, म्हणजे दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लटकणारा तो संथ प्राणी. पुढे चूक कळली, पण नाव पूर्ण पुसलं गेलं नाही. आजही इंग्रजीत ते 'स्लॉथ बेअर'च आहे. प्रत्यक्षात त्या दोन दातांच्या फटीतून ते वारुळातली वाळवी नळीसारखी ओढून घेतं, नाकपुड्या मिटून, म्हणजे माती आत जाऊ नये. आळशी म्हणण्यासारखं त्यात काही नाही. पिल्लं पाठीवर घेऊन रानभर फिरणारी आई तर अजिबात नाही. शास्त्रीय नाव मेलुर्सस, म्हणजे मधाचं अस्वल. पुन्हा मध!

तुमच्या मुलांना आपला हा प्राणी ठाऊक आहे तो 'बलू' म्हणून. किपलिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मधला बलू म्हणजे सरळ हिंदीतला भालू, आणि ते जंगल शिवनीचं, म्हणजे नागपूरच्या वर, पेंचच्या बाजूचं. विदर्भातल्या मंडळींनी हे मुलांना अवश्य सांगावं. आणि टेडी बेअर तर इथलाच. १९०२ साली मिसिसिपीत शिकारीला गेलेल्या थिओडोर रूझवेल्टनी झाडाला बांधलेल्या काळ्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्याचं व्यंगचित्र काढलं, आणि पुढे ब्रुकलिनच्या एका दुकानातून कापडी अस्वल निघालं. चित्राच्या खाली दडलेली गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: ते जखमी अस्वल तिथेच मारलं गेलं, फक्त राष्ट्राध्यक्षांच्या हातून नाही.

अस्वल बांधून ठेवण्यात आपणही मागे नव्हतो. चाळिशी ओलांडलेल्यांना दरवेशी आठवेल. नाकात वेसण, हातात डमरू, आणि दारात नाचणारं अस्वल. आया लेकरांना त्याच्या पाठीवर बसवायच्या, भीती जाते म्हणून. त्याचा केस ताइतात घालून गळ्यात बांधायचा. आपल्याला ती करमणूक वाटायची. त्या नाचामागे तापलेली सळई आणि पिल्लाची मारलेली आई होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद व्हायला हवं होतं, पण रस्त्यावरचं शेवटचं नाचरं अस्वल सोडवायला २००९ साल उजाडलं. त्यासाठी अस्वल ठेवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरे धंदे उभे करून द्यावे लागले, आणि मला वाटतं नुसत्या कायद्यापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला. पोट भरायची सोय झाल्याशिवाय कुणी साखळी सोडत नाही.

गावाकडे मात्र या प्राण्याचं कुणाला कौतुक नाही. बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य, मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, या पट्ट्यात अस्वल म्हणजे वाघाहून जास्त भीती. उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुलं वेचायला बाया रानात जातात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही तिथे आलेलं असतं. त्याची नजर कमजोर, वारा उलटा असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि मग ते पळत नाही, उभं राहून चेहऱ्यावर झेपावतं. 'अस्वलाच्या गुदगुल्या' हा आपला वाक्प्रचार आपण शहरात हसत वापरतो. ज्याने ते चेहरे पाहिले आहेत तो हसत नाही. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांनी नाव का टाळलं असेल, ते कळायला रशियात जायची गरज नाही.

एक छोटं वळण, माझ्या एमबीएच्या पदवीला जागून. शेअर बाजारातल्या मंदीला इंग्रजीत अस्वल का म्हणतात? पंजा वरून खाली मारतं म्हणून, असं वर्गात सांगतात. खरं कारण जुनं आहे. अस्वल मारायच्या आधी त्याचं कातडं विकू नये, अशी युरोपात म्हण होती, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या बाजारात जवळ नसलेले शेअर आधी विकून मग भाव पडायची वाट बघणाऱ्यांना लोक 'कातडंवाले' म्हणू लागले. त्याचं पुढे नुसतं अस्वल उरलं. आपल्याकडे याला 'बाजारात तुरी' पुरतं, पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आता राहिलं आकाश. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात वरच्या आकाशात ठेवलेल्या 'ऋक्षां'बद्दल विचारलं आहे, की रात्री दिसणारे हे दिवसा जातात कुठे? शतपथ ब्राह्मण तर स्पष्टच म्हणतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत, आणि कृत्तिका या त्यांच्या बायका. त्याच ठिकाणी कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं एक वाक्य आहे, ज्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या मराठी ग्रंथात त्या काळाचा हिशेब मांडला. म्हणजे आज आपण ज्यांना सात ऋषी म्हणतो ती कधीकाळी अस्वलं होती, ग्रीकांच्या आर्क्टोससारखी. पुढे 'ऋक्ष'चा अर्थ पसरून कुठलंही नक्षत्र असा झाला, म्हणून ऋक्षराज म्हणजे जांबवानही आणि चंद्रही.

नवल असं की आपण राहतो त्या खंडाच्या मूळ रहिवाशांनाही इथे अस्वलच दिसलं. ईशान्येकडच्या मिकमॅक लोकांच्या गोष्टीत चौकोनातले चार तारे म्हणजे अस्वल, आणि मागचे, आपल्या मरीची-वसिष्ठ-अंगिरस यांच्यासकट, त्याच्या पाठी लागलेले शिकारी. उन्हाळाभर पाठलाग चालतो, शरद ऋतूत बाण लागतो, आणि त्याचं रक्त पानांवर सांडून मेपल लाल होतात.

ऑक्टोबरात पानं बघायला डोंगरावर जाल तेव्हा अंधार पडल्यावर उत्तरेकडे तोंड करून थांबा. त्याच महिन्यात पुण्याहून संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, क्षितिजाखाली गेलेले असतात. इथे न्यू जर्सीत ते झाडांच्या शेंड्यांना टेकतात, पण जवळजवळ मावळतच नाहीत. होमरने लिहून ठेवलं आहे, हे अस्वल तेवढं समुद्रात अंघोळीला उतरत नाही.